काटा हलेना

बाबांची जुनी फटफटी अकोटच्या रस्त्यावर बंद पडली आणि ती ढकलत त्यांनी हिवरखेडला घरी आणली. त्या दिवशी आईने फर्मान काढलं, "हे लोखंड आता भंगारात देऊन टाका. यष्टीनं जात जा." सत्तरी ओलांडलेल्या माझ्या बापाला कुणाला न विचारता कुठं जाता येत असेल, तर ते त्या फटफटीवर. ती गेली की हा माणूस ओसरीवर बसून राहणार. मला ते चालणार नव्हतं.

मी नांदगाव पेठेच्या एका कापड कारखान्यात मशीनींची वायरिंग दुरुस्त करते. दिवाळीच्या सुटीत घरी आले ती मल्टिमीटर घेऊनच. गावातल्या मिस्त्रीने बॅटरी बदलून दिली होती, तीही लगेच उतरली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. बॅटरीला कोणी भरतच नव्हतं. इंजिन कितीही रेज केलं तरी अँपमीटरचा काटा चार्जिंगकडे हलेना.

डायनॅमोच्या वायरी सोडवून तिथे बल्ब लावला. तो झकास पेटला. म्हणजे वीज तयार होत होती, बॅटरीपर्यंत पोचत नव्हती. मधे उरला कटआउट, सीटखालचा काळा डबा. त्याचे पॉइंट घासले, वायरी एकेक ओढून पाहिल्या. काटा ढिम्म. आई म्हणाली, "जेवून तं घे, मशीन कुठी पयून नाई चालली." मी नाही उठले. मला राग आला होता, आणि राग आला की मी काम सोडत नाही.

शेवटी एका सुट्या वायरीने तो डबा थेट बॅटरीच्या अर्थिंगला जोडून पाहिला. काटा टुणकन उडाला. डब्याला अर्थिंग मिळतं ते तो फ्रेमवर जिथे कसलेला असतो तिथून. बोल्ट खोलले, तर खाली चकचकीत लाल ऑइलपेंट, अगदी कोपऱ्यांतसुद्धा. रंगातून वीज जाणार कशी? तो लाल मी ओळखला. दर पोळ्याला आमच्या बैलांच्या शिंगांना तोच लागायचा. बैलजोडी बाबांनी यंदा उन्हाळ्यात विकली होती.

मी पॉलिश पेपर घेतला तसे बाबा ओसरीवरून उठून आले.

"काहून खरडून राहिली व?"

"तुमच्या रंगानंच चार्जिंग बंद झालं, बाबा. डबा काढून त्याच्याखाली कशाला रंगवलं?"

"पोयाले दावन रिकामी होती," ते म्हणाले. "रंगवाले दुसरं काई नोतं घरात."

माझा राग कुठल्या कुठे गेला. बोल्टपुरतीच जागा लोखंड दिसेपर्यंत खरडली आणि बाकीच्या रंगाला हात लावला नाही. डबा परत कसून बसवला, इंजिन चालू केलं. काटा चार्जिंगवर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी किक मारली. आई दारात आली.

"कुठी चालले?"

"अकोटले."

"कायले?"

"असंच," बाबा म्हणाले, आणि निघाले.