ठकुबाईच्या मागची पेटी

आमच्या शेलार गावात धवल्यामागे, म्हणजे लग्नातल्या देवांच्या गाण्यामागे, पेटी कोण वाजवत न्हाय. हळदीत धवलारीण गाते, बाया मागून ओळ ओढतात, झालं. पण आमच्या ह्यांची पेटी ठकुबाई धवलारणीला चालायची. म्हातारी मनाला येईल त्या सुरात सुरू करायची, मधेच वर चढायची, आणि ह्यांची बोटं गुपचूप तिच्या मागे. शिकवलं कोणी? कोणीच न्हाय. पावरलूमवरची ड्युटी संपली की हे आणि पेटी.

शहाऐंशी साली भिवंडीतले दत्तोपंत मास्तर भेटले. गाण्याचा क्लास चालवायचे. म्हणाले, "केसरीनाथ, हात गोड आहे, पण शास्त्राचा पत्ता नाही. परीक्षा द्या, शाळेत चिकटवतो." शाळेची नोकरी! त्या खडखडाटातून सुटका! मीच देवापुढे नारळ फोडला. मग काय, घरात ऊठसूट थाट, वादी, संवादी. परीक्षा पास झाले, तर शाळा म्हणे वय उलटलं. मास्तर म्हणाले, "शिकलात ते कुठं जातंय?" जळलं मेलं ते शिकणं!

मग आमच्या कमळाची हळद आली. ठकुबाईनं देवांना आवतण द्यायचा धवला उचलला. तो एकदा सुरू झाला की तोडायचा न्हाय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ह्यांनी पट्ट्या चाचपल्या, भात्यावरचा हात उचलला आणि म्हणाले, "ठकुबाय, थांब. तुझा सूर दोन पट्ट्यांच्या मधी पडतो. काळी दोनची पट्टी धर."

म्हातारी थांबली.

"केसरीनाथा," ती म्हणाली, "आजवर तुला कंदी सूर सांगावा लागला न्हाय रं."

तिनं पेटीकडे पाठ केली आणि धवला पहिल्यापासून घेतला. पोरीच्या हळदीत मी रडू, की नवऱ्याच्या नावानं बोंबलू? त्यानंतर ह्यांना एकाही हळदीचं बोलावणं आलं न्हाय. देवांचं आवतण तोडणाऱ्याला कोण बोलावणार?

पूर्वी भाकऱ्या थापताना मी गुणगुणले की ओटीवरून पेटी मागोमाग यायची. भांडण झालेलं असलं तरी यायची, तोच आमचा समेट. परवा सहज तोंडातून एक ओळ निघाली. ओटीवर भाता हलला. माझा हात पिठातच राहिला.

"कुठल्या पट्टीत गातेस?" ह्यांनी विचारलं.

"गात नव्हते, कण्हत होते," म्हटलं, आणि भाकरी तव्यावर टाकली.