सेजलला बसवलं तो सामना

अंकिता उतेकर पहिली पाळी संपवून कंपनीच्या बसमधून बिरवाडीच्या नाक्यावर उतरते तेव्हा तिच्या अंगाला औषधाच्या भुकटीचा कडवट वास असतो. सरळ घरी जावं, अंघोळ करावी, घटकाभर पडावं, असं तिला रोज वाटतं, आणि रोज ती शाळेमागच्या मैदानाकडे वळते. तिथे पोरी ओढण्या कमरेला बांधून तिची वाट बघत असतात. ती डब्याची पिशवी भिंतीला टेकवते, चपला काढते आणि म्हणते, "चला गो, पळायला लागा." पोरी पळतात. ती पळत नाही. उजवा पाय जपून टाकत मैदानाच्या कडेकडेने चालत राहते.

हे काम तिला कोणी नेमून दिलेलं नाही. शाळेतले खेळाचे सर बदलून गेले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, तेव्हा चाळीतल्या दोन पोरी दारात येऊन उभ्या राहिल्या. "ताई, तुम्ही खेळायच्यात ना? आम्हाला शिकवाल?" नाही म्हणायला तेव्हा सुचलं नाही, असं ती सांगते. त्याला आता बरीच वर्षं झाली.

ती मूळची पोलादपूरच्या वरच्या अंगाची, डोंगरातल्या वाडीवरची. तिथे पोरींना कबड्डीला लावलं ते पांडू मोऱ्यांनी. सगळे त्यांना पांडूदादा म्हणत. मुंबईत गोदीत काम करता करता ते तिथल्या मंडळाकडून खेळले होते, आणि गावी परतल्यावर त्यांनी पोरींचा संघ काढायचं मनावर घेतलं. एकेका बापाच्या ओटीवर जाऊन बसायचे. "पोर माझ्याकडं सोड. परत आणून पोचवायची जबाबदारी माझी." आणि ते खरंच पोचवायचे. सामना लांबला तर बॅटरी घेऊन वाडीपर्यंत चढून यायचे, आणि बापाने दार उघडल्यावरच मागे फिरायचे.

त्यांच्या हातात निरगुडीची शिपटी असायची. पकड सुटली की पोटरीवर वळ. चढाईत दम तुटला की सगळ्यांदेखत शिवी. आया वळ बघायच्या आणि म्हणायच्या, मारतोय म्हणजे लक्ष घालतोय. पोरींनाही तसंच वाटायचं. ज्या दिवशी शिपटी पडली नाही त्या दिवशी अंकिता उदास होऊन घरी जायची, आज दादांनी आपल्याकडे पाहिलंच नाही म्हणून.

अंकिता त्यांची सगळ्यात चांगली चढाईपटू. महाडच्या एका स्पर्धेत तिचा पाय कोपऱ्यातल्या पोरीने धरला आणि अंग एकीकडे, गुडघा एकीकडे गेला. ती किंचाळून खाली बसली. पांडूदादांनी तिला रेषेबाहेर ओढलं, गुडघ्यावर करकचून पट्टी आवळली आणि म्हणाले, "रडायचं ते मागनं रड." ती परत उतरली. दोन गुण आणले. संघ जिंकला, पोरींनी तिला खांद्यावर घेतलं, दादांनी पहिल्यांदाच तिच्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी गुडघा शहाळ्याएवढा झाला होता. वाडीवरून तिला झोळीत घालून खाली आणावं लागलं. त्यानंतर ती कधी खेळली नाही. पांडूदादा एकदा घरी आले, विजेत्या संघाचा फोटो भिंतीला टेकवून गेले, आणि पुढच्या मोसमाला दुसरी पोर चढाईला उभी केली.

अंकिताने त्यांना कधी बोल लावला नाही. आजही भेटले की ती वाकून पाया पडते. ते नसते तर आपण वाडीबाहेरचं जग बघितलं नसतं, हेही तिला ठाऊक आहे. फक्त स्वतः शिकवायला लागल्यावर तिने शिपटी घेतली नाही. हात तरीही दोनदा उठला होता. एकदा तर एक पोर इतकी शहारून मागे सरली, की अंकिता त्या दिवशी सराव तिथेच थांबवून घरी गेली. शिकवायचं कसं, हे तिला एकाच माणसाने दाखवलेलं. दुसरं जे काही होतं ते तिला स्वतःचं स्वतः शोधावं लागलं, आणि तेही पाळी करून आल्यावर, थकल्या डोक्याने.

सेजल तिच्याकडे आली तेव्हा लहान होती. घरचे शिवथरच्या खोऱ्यातले. बाप मुंबईत सोसायटीच्या गेटवर, आई ठकूबाई औद्योगिक वसाहतीतल्या कँटीनमध्ये भाकऱ्या भाजायला, म्हणून बिरवाडीत भाड्याची खोली. सेजल चढाईला जायची ती आळसावल्यासारखी, जणू पाणी भरायला निघालीय. समोरच्या पोरी ढिल्या पडायच्या, आणि तेवढ्यात हिचा चवडा कोणाला तरी लागून ही मध्यरेषेवर परत. असं शिकवता येत नाही. अंकिताने ते बिघडू दिलं नाही, एवढंच.

काही वर्षांनी किशोरी गटाच्या जिल्हा संघाची निवड पोलादपूरच्या स्पर्धेतून व्हायची होती. पुढच्या वर्षी सेजल वयात बसणार नव्हती. जिल्ह्याकडून राज्याच्या स्पर्धेला, तिथून पुढे पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेवर, असा सगळा रस्ता ठकूबाईने मनात आखून ठेवला होता. आणि स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात, साध्या सरावात, कोणी धरलेलं नसताना, सेजलचा गुडघा मुरगळला.

अंकिता तिला घेऊन महाडला डॉक्टरांकडे गेली. त्यांनी गुडघा दाबून, वाकवून पाहिला. "लिगामेंट दुखावलंय. किती, ते एमआरआय केल्याशिवाय सांगता येणार नाही. मी तरी खेळू नको म्हणेन."

"आणि खेळले तर?" सेजलने विचारलं.

"कदाचित काहीच होणार नाही. कदाचित पूर्ण फाटेल."

सेजलने त्यातलं पहिलं वाक्य घेतलं, अंकिताने दुसरं.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी ठकूबाई अंकिताच्या खोलीवर आली. उंबऱ्यातच उभी राहिली. "ताई, पोर चालतेय ना नीट? काल पाणी भरलंन, जिना चढली. मग नाय कशाला म्हणतासा?"

"चालणं येगळं आणि चढाई येगळी, ठकूबाई."

"तिचा बाप रजा काढून आलाय बघायला."

"राखीव म्हणून बसवते," अंकिता म्हणाली. ठकूबाईला वाटलं, म्हणजे लागली तर उतरवेल. अंकिताला माहीत होतं की आपण तसं म्हणालो नाही, पण तसं वाटू दिलं. तेवढं भांडायची ताकद सकाळी सकाळी तिच्यात नव्हती.

दुपारी सामना लागला. मांडवातल्या खुर्च्यांवर पाहुणे बसले होते, त्यात पांडूदादा. आता पार वाकलेले, गळ्यात हार, डोक्यावर फेटा. पूर्वार्धात बिरवाडीच्या पोरी बऱ्या खेळल्या. उत्तरार्धात मात्र त्यांच्यावर लोण चढला आणि पोरींचे चेहरे उतरले. सेजलने गुडघ्यावर नीकॅप चढवून बूट बांधले होते.

"ताई, सोडा मला. नुसत्या दोन चढाया करते."

"नाय."

"ताई, पाया पडते तुमच्या."

"बस खाली."

सेजल बसली नाही. उभी राहून रडायला लागली, आणि लोक बघायला लागले. तिचा बाप दोरीपाशी उभा होता; त्याच्याकडे बघणं अंकिताला जड गेलं. तेवढ्यात पांडूदादा काठी टेकत मांडवातून खाली आले. अंकिता उठली, वाकून पाया पडली.

"काय झालंय पोरीला?"

"गुडघा दुखावलाय, दादा. डॉक्टर नको म्हणाले."

"डागदर कबड्डी खेळलाय काय? पट्टी बांध आन उतरव. तुला नव्हती बांधली मी?"

"बांधली होती."

"मग? जिंकलो का नाय?"

"जिंकलो, दादा."

ती एवढंच म्हणाली, आणि खाली बसून सामना बघायला लागली. "तुझ्यातली जिगर गेली गो," असं पांडूदादा म्हणाले आणि खुर्चीकडे परत गेले.

बिरवाडी थोडक्या गुणांनी हरली. निवड समितीने सेजलचं नाव घेतलं नाही. न खेळलेल्या पोरीचं नाव ते घेणार कुठून? परतीच्या टेम्पोत सेजल आईच्या शेजारी तोंड फिरवून बसली. कोणी अंताक्षरी लावली नाही. बिरवाडीला उतरताना सेजलचा बाप अंकिताला म्हणाला, "येतो ताई." इतकं साधं, की त्यापेक्षा त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचे दिवस वाईट गेले. चाळीत कोणीतरी म्हणालं, हिला स्वतःला खेळायला मिळालं नाय, म्हणून दुसऱ्याच्या पोरीला पण बसवलंन. ते तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ती रात्रभर ते चघळत राहिली. खरंच तसं असेल का, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला, आणि तिला छातीवर हात ठेवून नाही म्हणता येईना. तो गुडघा सेजलचा होता, पण सामना चालू असताना डोळ्यांसमोर आपलाच होता, हे काही खोटं नव्हतं.

दीपेश, तिचा नवरा, दुसऱ्या एका कंपनीत बॉयलरवर असतो. त्याने ताट वाढून घेता घेता विचारलं, "सोडून का देत नाहीस? तुला यातून मिळतं काय?"

"सोडते."

"खरंच?"

"हो म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी बसमधून उतरल्यावर ती नाक्यावर बराच वेळ उभी राहिली. मग मैदानावर गेली. पोरी निम्म्याच आल्या होत्या. सेजल नव्हती.

उन्हाळ्यात एका संध्याकाळी पांडूदादा मैदानावर आले. बिरवाडीत पुतण्याकडे मुक्कामाला होते. पोरींनी त्यांना भिंतीच्या सावलीत खुर्ची दिली. सराव संपेपर्यंत ते बसून बघत होते. एका पोरीची पकड सुटली आणि ती स्वतःच हसायला लागली, तेव्हा त्यांचा हात काठीवर आवळला, पण काठी जमिनीवरच राहिली. पोरी गेल्यावर अंकिता त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.

"तुझा तो गुडघा," ते म्हणाले, "अजून दुखतो काय गो?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा विचारलं होतं.

"जिना उतरताना दुखतो. थंडीत जास्त."

"मला वाटलं, बरा झाला आसंल."

"तुम्ही कधी विचारलं नाय, दादा."

मग त्यांनी डावा हात पुढे केला. करंगळी मुळापासून वाकडी होती. "ही मोडली तवा आमचा वस्ताद मला म्हणाला, चार बोटं हायत ना, धर मग. मी धरलं. आमाला वाटायचं, खेळ आसाच आसतो." ते हसले. तिला हसू आलं नाही. त्यांनी चुकलं असं काही म्हटलं नाही आणि तिनेही तशी वाट बघितली नव्हती. तिने समोरच्या टपरीवरून चहा आणला. तो पिऊन झाल्यावर ती त्यांना पुतण्याच्या घरापर्यंत सोडून आली. दोघंही हळूहळू चालत होती, त्यामुळे कोणाला कोणासाठी थांबावं लागलं नाही.

सेजल आली ती गणपती होऊन गेल्यावर. पोरींच्या रांगेत उभी राहिली आणि पळायला लागली. अंकिताने नुसतं पाहिलं आणि शिट्टी वाजवली. सेजलचा गुडघा बरा झाला होता. अंग थोडं सुटलं होतं, ते महिन्याभरात उतरलं. पण किशोरी गट मागे पडला होता. वरच्या गटात मोठ्या, दणकट पोरी, मॅटवर रोज खेळणाऱ्या, अलिबाग-पेणच्या. पुढची दोन वर्षं ती निवडीला गेली, दोन्ही वर्षी पहिल्या यादीतून पुढे सरकली नाही.

एकदा सराव आटोपल्यावर रेघांचा चुना पसरता पसरता तिने विचारलं, "ताई, त्या दिवशी उतरवलं असतंत तर?"

"काय माहीत गो."

"झालं असतं का काही गुडघ्याला?"

"तेही माहीत नाय."

सेजलला बहुतेक दुसरं काहीतरी ऐकायचं होतं, एकतर माफी किंवा कारण. अंकिताकडे दोन्ही नव्हतं. "मला राग आला होता तुमचा," सेजल म्हणाली. "अजून येतो कधी कधी."

"येऊ दे," अंकिता म्हणाली, आणि चुन्याची पाटी उचलून पुढच्या रेघेला लागली.

सेजल आता महाडच्या कॉलेजात जाते. गावोगावच्या स्पर्धांत खेळते, भरतीची तयारी करते. पहाटे रस्त्यावर धावताना दिसते. अंकिताची दुसरी पाळी लागली की मैदानावर सराव सेजल घेते. ती अंकितापेक्षा जास्त ओरडते आणि पोरी तिला जास्त घाबरतात. अंकिता तिला एकदा त्यावरून बोलली. सेजल "बरं" म्हणाली. किती मनावर घेतलंन, कोण जाणे.

दुसऱ्या पाळीला निघालेल्या बसमध्ये अंकिता खिडकीशी बसते. शाळेच्या बाजूने बस जाते तेव्हा पोरींचा गलका ऐकू येतो. आधी ती वळून बघायची, कोण आलीय, कोण नाही, ते मोजायची. हल्ली बस नाक्यावरून सुटेपर्यंत तिचा डोळा लागलेला असतो, आणि कंपनीच्या गेटवर शेजारची बाई तिला हलवून उठवते.