बिनडहाळीचा मांडव

माझा दीर चुडामण दिवसभर डोंगरावर झोपतो, असं सगळं गाव म्हणतं. मीही म्हणते. मी या घरात आले तेव्हा तो हाफपँट घालून शाळेत जायचा, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते आणि तो मला निमूट ‘वहिनी, तुम्ही’ म्हणतो. लग्न त्यानं केलंच नाही. डोंगरावर झोपणाऱ्याला पोरगी कोण देणार, बाप्पा?

खरं तर तो झोपत नाही, राखण करतो. गावामागं सातपुड्याचा एक डोंगर आहे. त्याच्या कुशीत जुना उंबर, आणि उंबराखालून झरा निघतो. झऱ्याचं पाणी नाल्यात आणि नाल्याचं पाझरून गावच्या विहिरीत. मधे लोकांनी डोंगर पार बोडका केला होता. सळईची झाडं गेली, अंजनाची गेली. काही चुलीत, काही केळीला टेकू म्हणून. मग झरा आटला आणि होळी झाली की टँकर यायला लागले. रिकामे हंडे घेऊन रांगेत भांडणाऱ्या बायांत मीही होते, आणि माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

तेव्हा चुडामण वर जाऊन बसला. कुऱ्हाड घेऊन आलेल्याशी तो भांडायचा नाही. शेजारी बसवायचा, तंबाखू द्यायचा आणि बोलत राहायचा. म्हणायचा, पावसाचं पाणी मुळांपाशी येऊन निजतं रे, मग सवडीनं जागं होतं आणि खाली येतं. मुळंच नसली तर ते निजणार कुठं? ऐकता ऐकता माणसाचे डोळे जड व्हायचे. बरेच जण तशीच कुऱ्हाड खांद्यावर टाकून परत यायचे. असं करता करता डोंगर पुन्हा भरला. आता वैशाखातही विहिरीला पाणी असतं. खुळा आहे, असं मी म्हणायचे, पण त्याचा डबा कधी चुकवला नाही.

उंबराचं दुखणं वेगळं होतं. आमच्यात लग्नाच्या मांडवावर उंबराच्या पाच डहाळ्या लागतात. पूर्वी बांधाबांधावर उंबर होते. केळीवर सावली पडते म्हणून माझ्या लग्नाआधीच सगळे तोडले. उरला तो झऱ्यावरचा. मग जो तो वाजतगाजत वर जाणार, झाडाला हळदकुंकू वाहणार, हात जोडणार आणि पाचच डहाळ्या घेऊन येणार. पाचानं काय होतं, असं प्रत्येकच घर म्हणायचं. गेल्या साली झाडाची एक बाजू वाळली. तेव्हापासून चुडामण सगळ्यांना नाही म्हणायला लागला. लोकांनी शिव्या घातल्या. ‘घरचं लग्न येऊ दे, मग पाहू,’ म्हणाले.

घरचं लग्न आलं. माझ्या अश्विनीचं. आणि आमच्या घरात डहाळ्या आणायचा मान काकाचा.

“आई, टेन्शन मत ले ना,” अश्विनी म्हणाली. “डेकोरेशनवाला प्लास्टिकच्या लावून देईल. सेम दिसतात.”

“आशीर्वादही प्लास्टिकचे घेशील का?” मी म्हटलं.

मांडवाच्या दिवशी चुडामण सकाळीच ट्रॅक्टर घेऊन गेला. दुपार झाली तरी पत्ता नाही. बँडवाले जेवून बसले. माझी मोठी नणंद सरुताई दारात उभी राहून मला ऐकू जाईल असं पुटपुटत होती. माझं डोकं फिरलं. कोयता उचलला आणि नव्या लुगड्यानिशी डोंगर चढले.

तो उंबराखाली बसला होता. भांडायला तोंड उघडलं, पण घसा कोरडा पडला होता. म्हटलं, आधी पाणी पिऊ, मग याला बघू. ओंजळ भरून प्याले, तोंडावर पाणी मारलं, बुंध्याला टेकले. लगीनघरातल्या आईला झोप कुठली? झरा हळू आवाजात काही सांगत होता, पानांतून ऊन हलत होतं, आणि माझा डोळा लागला. झोपेत वाटलं, पाठीखालची मुळं लांब लांब चालली आहेत. नाल्याखालून, केळीच्या बागांखालून, आमच्या ओट्याखालून. मी स्वयंपाकघरात उभी आहे आणि माठ आपोआप भरतो आहे. आत कुणीतरी निजलंय, म्हणून मी झाकणसुद्धा वाजू देत नाही.

जागी झाले तर उन्हं कलली होती. कोयता माझ्या हाताशीच होता. त्यानं लपवला नव्हता.

“वहिनी,” तो म्हणाला, “अश्विनीला मी खांद्यावर खेळवलंय. तिच्या मांडवाला नाही म्हणायला जीभ उचलत नाही. कापायला हातही उचलत नाही. तुम्ही कापा. मी तोंड फिरवतो.”

आणि खरंच पाठ करून बसला. त्याचे खांदे हलत होते.

मी कोयता उचलला, वर पाहिलं. फांदी फांदीवर जुने घाव. त्यातला एखादा माझ्याच लग्नाचा असणार, याच घरच्या मांडवाचा. पाचच डहाळ्या, असं माझे सासरेही म्हणाले असतील. मला इतका राग आला, आणि कुणाचा ते कळेना. हात खाली घेतला.

“चल घरी,” मी म्हटलं.

“डहाळ्या?”

“चल म्हणते ना.”

ट्रॅक्टर दिसताच बँड सुरू झाला आणि रिकामी ट्रॉली पाहून थांबला. “डहाळ्या कुठं आहेत?” सरुताईनं विचारलं. चुडामणची मान खाली. तो काही बोलणार, त्याआधी मीच बोलले.

“मी नको म्हटलं. कोयता माझ्या हातात होता. काही बरंवाईट झालं तर माझ्या डोक्यावर.”

“पोटच्या पोरीचं वाटोळं करतेस?”

ते शब्द काळजाला लागले. भीती वाटली मला, खोटं कशाला सांगू? अश्विनीकडं बघायची हिंमत झाली नाही.

डहाळ्या आणणाऱ्याला पाटावर बसवून त्याचे पाय धुवायची रीत आहे. मी पाट मांडला. चुडामण मागं सरकला, रिकाम्या हातानं मान कसा घेऊ म्हणाला. मी दंडाला धरून त्याला बसवलं आणि विहिरीच्या पाण्याचा तांब्या घेतला. पहिली धार पायावर पडली तसे त्यानं पाय आखडले.

“वहिनी, थोडंच टाका,” तो हळूच म्हणाला.

मी ऐकलं नाही. अख्खा तांब्या ओतला.