ॲबाच्या बाजूनं निशा सांडू

लासूर स्टेशनच्या शाळेत मी शिकवायचे, तेव्हा निशा सांडू माझ्या वर्गात होती. उत्तर येत असलं तरी ती हात उशिरा वर करायची. एकदा वर केला, की मात्र मी दुसऱ्याला विचारलं तरी तो खाली यायचा नाही. वडील कडुबा मार्केट यार्डात मापाडी, आई भागूबाई शेत सांभाळून भजनी मंडळात टाळ धरणारी. निशानं डिप्लोमा केला, वाळूजच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागली आणि आज तिथंच प्लॅनिंगचा विभाग सांभाळते. केसांत पांढरं दिसायला लागलंय. हात वर धरून ठेवायची सवय तशीच आहे.

या निशाला ॲबा या परदेशी बँडचं वेड कसं लागलं, हे ऐकून लोक हसतात. ती ट्रेनी असताना कंपनीच्या बसमध्ये एक कॅसेट अडकली होती. पाहुणा म्हणून आलेल्या कुण्या परदेशी इंजिनिअरची ती राहून गेली होती. कारभारी नावाचे ड्रायव्हर होते, त्यांनी पाना-पक्कड लावून पाहिली आणि शेवटी नाद सोडला. बस सुरू झाली की कॅसेट सुरू. पहिल्या पाळीची माणसं आधी वैतागली, नंतर पंचिंगच्या रांगेत त्याच चाली गुणगुणायला लागली. गाणारे कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. निशानं औरंगपुऱ्यातल्या एका दुकानात जाऊन चाल म्हणून दाखवली, तेव्हा दुकानदारानं लगेच एक कॅसेट काढून समोर ठेवली. मुखपृष्ठावर दोन पुरुष आणि दोन बाया होत्या. "मला वाटलं होतं बाया चार तरी असतील," ती सांगते. "एवढा आवाज दोघींचा?"

पण ऐकायचं कुठं? लग्नानंतर ती बजाजनगरात राहायला गेली. नवरा शिवराज तिसऱ्या पाळीला. शेजारी कुणी पहिल्या, कुणी दुसऱ्या. बजाजनगरात दिवसाही भिंतीपलीकडे कुणीतरी झोपलेलंच असतं, आणि झोपलेल्या कामगाराला उठवणं हे तिथं पाप मानतात. कुकरची शिट्टीसुद्धा तिथल्या बायका ओल्या फडक्यानं दाबतात. निशा हेडफोनवर ऐकायची. "बाई, हेडफोनमध्ये गाणं डोक्यात वाजतं," ती मला म्हणाली होती, "छातीत वाजत नाही."

छातीत वाजावं अशी तिला एकच जागा मिळाली. पडेगावला श्रीरंग नावाच्या दाढीवाल्या आर्किटेक्टचं घर आहे. त्याच्या हॉलमध्ये माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर आहेत आणि रविवारी सकाळी जुनी इंग्रजी गाणी ऐकणारी दहा-बारा माणसं तिथं जमतात. माझे यजमान गेल्यावर निशानंच मला तिथं ओढून नेलं. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण माणसं आवडतात आणि पोहे चांगले असतात.

त्या बैठकीत दर थोड्या महिन्यांनी एक वाद रंगतो: कुठल्या बँडमधले गाणी रचणारे सर्वांत मोठे? अध्यक्ष श्रीरंगचे वडील दत्तोपंत. आम्ही त्यांना काका म्हणतो. कोर्टात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. कानाला यंत्र असलं तरी कायदा पक्का. दोन बँड समोरासमोर, दोन पक्षकार, आणि निकाल लागला की प्रकरण बंद. हरलेला बँड त्या हॉलमध्ये पुन्हा लागायचा नाही. "निकाल लागलेलं प्रकरण पुन्हा उघडता येत नाही," काका बोट वर करून सांगतात. हा नियम थट्टेचा नाही. एका बँडचं प्रकरण असं मिटल्यापासून त्याचे चाहते एक डॉक्टर गेटबाहेर गाडीत बसून आपली गाणी ऐकतात, मग आत येतात.

म्हणून निशानं इतकी वर्षं ॲबाचं नाव वादात येऊ दिलं नव्हतं. पण मागच्या हिवाळ्यात श्रीरंगनं ते आणलंच.

"बीटल्ससमोर कुणी उभं राहतंय का?" त्यानं विचारलं. "नाहीतर ॲबालाच उभं करू. निशाताई, तुमचे ते चमकदार कपडेवाले."

"दादा, कपड्यांवर जाऊ नका," निशा म्हणाली. "बीटल्सचेही जुने फोटो बघा, चौघांचे केस एकाच न्हाव्यानं वाटी ठेवून कापल्यासारखे."

हशा पिकला. श्रीरंग हसला, पण सोडलं नाही. बीटल्सनी थोडक्या वर्षांत प्रेमाच्या साध्या गाण्यांपासून कुठल्या कुठं मजल मारली, हे तो फार सुंदर मांडतो. एकटी माणसं, बालपणीचे रस्ते, सगळं त्यांच्या शब्दांत आलं. "चाल काढून टाका, नुसते शब्द वाचा, तरी माणूस थांबतो," तो म्हणाला. "ॲबाचे शब्द वाचून दाखवा. पाचवीच्या पुस्तकातलं इंग्रजी."

"व्हय, पाचवीतलंच," निशा म्हणाली. चिडली की तिच्या बोलण्यात लासूर येतं. "इंग्रजी त्यांची भाषाच नव्हती, दादा. स्वीडनची माणसं ती. आपल्या भाषेत हुशारी कुणीबी दाखवतो. परक्या भाषेत, मोजक्या शब्दांत, दुसऱ्याच्या घशात आवंढा आणून दाखवा. बसमध्ये आम्हाला एक शब्द कळत नव्हता, तरी मागच्या सीटवरची माणसं गप्प व्हायची."

"ती झोप हो, ताई. पहिली पाळी!"

पुन्हा हशा. मग श्रीरंग गंभीर झाला. "खरं सांगू? तो सगळा आवाजाचा मुलामा आहे. थरावर थर. तो खरवडला की आत चाल अशी उरतच नाही. चाल अस्सल असेल तर ती कुणाच्याही तोंडी बसते. तुमच्या लासूरच्या भजनी मंडळाला बसवून दाखवा, मी उभ्यानं हार मानतो."

मला वाटतं, श्रीरंगची चूक तिथं झाली. शहरात वाढलेल्या माणसाला भजनी मंडळ म्हणजे काहीतरी जुनं, सोवळ्यातलं वाटतं. प्रत्यक्षात चाली उचलण्यात त्या बायांचा हात कुणी धरू शकत नाही. सिनेमातली, वरातीतली, साबणाच्या जाहिरातीतली, कसलीही चाल चालते. शब्द देवाचे घातले की झालं. चाल पारखायची त्यांची पद्धतही ठरलेली आहे. तीनदा ऐकायची. बसली तर घरी न्यायची, म्हणजे ती मंडळाची झाली. नाही बसली तर तिथंच सोडायची.

निशानं हात वर केला. "मान्य. मंडळ इथं येईल. दोन्ही बँडचं एकेक गाणं. ज्याची चाल बाया घरी नेतील, तो जिंकला."

"आणि हरलेला बँड?" काकांनी विचारलं.

"नियम तोच, काका."

त्या दिवशी परतताना रिक्षात मी म्हटलं, "निशा, हरलीस तर?"

"तर शिवराजच्या झोपेच्या वेळात हेडफोन," ती म्हणाली. "आयुष्यभर. पण बाई, इतकी वर्षं मी त्यांच्यासाठी एकदाही उभी राहिले नाही. नुसती लपून ऐकत राहिले."

ठरलेल्या रविवारी लासूरहून क्रूझर जीप आली. पाच बाया उतरल्या. पुढे सरूबाई, मंडळाच्या प्रमुख. बारीक अंगाच्या, पण आवाज शेताच्या पलीकडच्या बांधावर पोचेल असा. मागे एकीच्या गळ्यात ढोलकी, आणि भागूबाई टाळ घेऊन.

काकांनी आधी भागूबाईंची उलटतपासणी घेतली. "मुलीनं ही गाणी तुम्हाला आधी ऐकवली का?"

"कुठली ऐकवतीय! कानात बुचं घालून बसती. हाक मारली तरी वळत नाय."

"साक्षीदार विश्वासार्ह," काका म्हणाले.

पहिलं बीटल्सचं. श्रीरंगनं गाणं निवडलं होतं शांत, एकट्या माणसाचं, गेलेल्या दिवसांची आठवण काढणारं. त्यानं अर्थ सांगितला, तीनदा ऐकवलं. सरूबाईंनी डोळे मिटले, मान डोलावली आणि ढोलकी सुरू झाली. "काल व्हतं ऊन, आज सावली पडली, देवा," त्यांनी उचललं, आणि ती चाल अशी सहज उतरली, की श्रीरंग टाळ्या वाजवत उभाच राहिला. मलाही पाणी आलं डोळ्यांत. निशाकडे पाहिलं. तीही टाळ्या वाजवत होती. चेहरा मात्र उतरला होता.

मग ॲबा. ताटातुटीचं गाणं. भांडण संपलंय, निरोप तेवढा उरलाय. निशानं अर्थ एका वाक्यात सांगितला आणि स्पीकर मोठा केला. बाया दचकल्या. तीनदा वाजलं. सरूबाईंनी सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला आवाज चिरकला. पुन्हा खालून घेतलं, तर शेवट जमिनीत गेला. सरूबाई थांबल्या.

"निशे, ही चाल लईच वर-खाली करती गं. एका गळ्यात मावत नाय."

श्रीरंगनं जिंकल्याचा आव आणला नाही, तो सभ्य माणूस आहे. काकांनी घसा साफ केला. निशाचा हात अर्धवट वर गेला होता.

तेवढ्यात भागूबाई म्हणाल्या, "सरू, एकटी कशाला म्हणती? त्या बी दोघी हायेत ना. एक बोलती, दुसरी मागून धरती. झील हाय ती."

झील म्हणजे पुढचीनं ओळ टाकायची आणि मागच्यांनी ती उचलून धरायची. भजनात बायांचं सगळं बळ त्यात असतं.

सरूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बया, खरंच की! अन् मी येडी एकलीच वढीत बसले."

नियमानं तीनदा ऐकून झालं होतं. काका म्हणाले, "पुन्हा ऐकवता येणार नाही."

"नगं. समजलं."

सरूबाई, भागूबाई एकीकडे बसल्या, तिघी समोर. सरूबाईंनी ओळ टाकली: "घर सोडून चाललीस, दाराला काय सांगू?" आणि तिथं, जिथं चाल मघाशी फाटली होती, तिथं समोरच्या तिघींनी ती वरच्या वर झेलली: "सांग बाई, सांग बाई, दाराला काय सांगू?" ढोलकीनं वेग धरला. ओळ इकडून जायची, उंच व्हायची, तिकडून परत यायची. दुसऱ्या कडव्याला तिघींतल्या एकीनं आपल्या मनानं तिसराच सूर लावला आणि तोही बसला. कसा बसला, ते मला सांगता येणार नाही. श्रीरंगला मात्र ते कळत होतं. त्याची बोटं मांडीवर चालली होती आणि चौथ्या फेरीला तो झिलेत गात होता, आपण कुणाच्या विरुद्ध आहोत हे पूर्ण विसरून.

गाणं थांबलं तेव्हा बाया दमून हसत होत्या.

"हं, सरूबाई," काका ताठ बसले. "कुठली चाल घरी नेणार?"

सरूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "पैली चाल लई गोड हाय. पर ती एकल्यानं म्हणायची. तिच्यात आमच्या ह्या तिघींनी काय करावं? ही दुसरी ज्यानं बांधली ना, त्याला ठावं व्हतं की गाणारी एकटी नसती. ही आम्ही नेतो."

निशा उठली नाही. तिनं दोन्ही हात वर केले, वर्गात कधीच केले नव्हते तसे, आणि मोठ्यानं हसली. मग उठून, भागूबाईंना काही कळायच्या आत तिनं त्यांचा मुका घेतला. श्रीरंग उभा राहिला आणि शब्द दिल्याप्रमाणे म्हणाला, "मी हरलो. मुलामा नव्हता तो. ते थर म्हणजे माणसं होती."

"निकाल ॲबाच्या बाजूनं," काकांनी जाहीर केलं. "बीटल्स या हॉलमध्ये बंद."

आता कुठं श्रीरंगच्या ध्यानात आलं, की स्वतःच्या घरात, स्वतःच्या स्पीकरवर... त्याचा चेहरा पाहून आम्हाला हसू आवरेना.

"काका," निशा म्हणाली, "दादांना अपील करू द्या की."

काका विचारात पडले. अपिलाचं आजवर कुणाला सुचलंच नव्हतं. "अपील दाखल करता येईल," ते सावकाश म्हणाले. "आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत बंदीला स्थगिती. आपल्याकडे स्थगिती किती वर्षं चालते, हे मी सांगायची गरज नाही."

गेटबाहेरच्या गाडीतून आलेल्या डॉक्टरांनी लगेच हात वर केला. त्यांनाही अपील करायचं होतं.

तेव्हापासून पडेगावच्या हॉलमध्ये सगळेच बँड वाजतात आणि निशा कुठल्याही वादात पहिल्यांदा उभी राहते. ट्रेनी मुलींना ती बैठकीला घेऊन येते, आणि आवाज किती ठेवायचा हे आता तीच ठरवते. एकादशीला लासूरच्या मंदिरात "दाराला काय सांगू" झालं, तेव्हा बायांनी ते दोनदा म्हणायला लावलं.

दुसऱ्या दिवशी निशाला कामावर सरूबाईंचा फोन आला. मशीनच्या आवाजामुळे तिला बाहेर जाऊन बोलावं लागलं.

"निशे, त्या दोघी बायांचं आणखी काय हाय का गं?"

"लई हाय, मावशी."

"मग पाठव सगळं. आन त्या दाढीवाल्या दादाला सांग, पुढच्या बारीला झिलेत यायचं आसंल, तर टाळ घरून आणायचा."