टेपताईची बदली

आमच्या इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखाना आणि औषधांचं गोदाम यांच्या मधोमध, एक थंडगार खोली आहे. रुग्णांच्या स्कॅनचा बॅकअप तिथे टेपवर ठेवलेला असतो. तळहातावर मावणाऱ्या चौकोनी डब्या, आत फितीचं एकच रीळ. ही फीत वाचणारं यंत्र, म्हणजे टेप ड्राइव्ह, इतकं जुनं आहे की बनवणाऱ्या कंपनीनेही कधीच हात वर केले. ते चालू ठेवते एकच बाई. तिचं नाव हजेरीपुरतं. आम्ही सगळे तिला टेपताई म्हणतो. मी वरच्या मजल्यावर एक्स-रे काढतो. दुपारचा डबा आम्ही एकत्र खातो, म्हणून तिचं बरंचसं मला ठाऊक.

तिच्या नवऱ्याला दूर बंदरावर नोकरी लागली, तेव्हा तो मुलीला घेऊन पुढे गेला. टेपताईने मागून बदली घेऊन जायचं, असं ठरलं होतं. आमच्या इस्पितळाची तिकडेही शाखा आहे, जागाही रिकामी होती. पण तिचा अर्ज वाचला की साहेब हसायचे.

"ताई, तुम्ही गेलात तर त्या यंत्राकडे कोण बघणार? कुणाला तरी तयार करा आणि खुशाल जा."

तिने एकाला तयार केलं, तर त्याला वरच्या विभागाने पळवलं. मग एका मुलीला मन लावून शिकवलं. तिला दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली. पुढे कुणी आलंच नाही. सुरुवातीला लेक फोनवर दर वेळी विचारायची, "आई, तू कधी येणार?" नंतर तिने विचारणं सोडलं.

"विचारायची तेव्हा चिडायचे मी तिच्यावर," टेपताई मला म्हणाली होती. "आता विचारत नाही, ते जास्त लागतं हो दादा."

मग एका आठवड्यात मुख्य साठ्याची डिस्क बंद पडली. जुने स्कॅन आता फक्त टेपवर उरले. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी एका म्हाताऱ्या रुग्णाचा जुना स्कॅन मागितला. टेपताईने ती टेप यंत्रात सरकवली. आत घरघर झाली, कट्‌कन आवाज आला आणि सगळं गप्प. पिवळा दिवा लागून राहिला. तिने यंत्र बंद करून चालू केलं, बाहेर काढायचं बटण दाबून धरलं, केबल बदलून पाहिली. टेप काही हलेना.

साहेब धावत खाली आले. "काय म्हणतंय?"

"टेप गिळून बसलंय. उघडून बघावं लागेल."

साहेब गेले आणि ती एकटी राहिली. पुढचं तिने मला नंतर सांगितलं. "मनात आलं, 'संपलं, आता दुरुस्त होत नाही' एवढंच म्हणायचं. तपासणार कोण? नवीन यंत्र येईल, नवीन माणसं येतील, मी सुटले. खरं सांगते, सांगायला जिन्यापर्यंत गेलेसुद्धा."

जिन्यात एक बाई उभी होती. त्या रुग्णाची सून.

"सासऱ्यांचा जुना स्कॅन इथे मिळेल म्हणाले," ती बोलली. "त्यांच्या फुप्फुसात डाग दिसतोय. तो पूर्वीपासून तेवढाच असेल तर हात लावायचा नाही म्हणतात डॉक्टर. नसेल तर कापावं लागेल, आणि त्यातून ते उठतील की नाही, हे कुणीच सांगत नाही." मग धुलाईखान्याबाहेरच्या उलट्या टोपलीवर बसत ती म्हणाली, "तुमचं चालू द्या. मी मध्ये बोलणार नाही."

टेपताई माघारी फिरली.

मी डबा घेऊन खाली गेलो, तेव्हा यंत्राचं झाकण निघालेलं होतं. तिने माझ्या हातात बॅटरी दिली. "इथे धरा. आणि श्वास सोडायचा तर तिकडे तोंड करून सोडा." टेप वर उचलणाऱ्या चाकाचे दात झिजून तुटले होते, आणि बरीचशी फीत डबीतून निघून यंत्राच्या रिळावर गुंडाळलेली होती. ती हाताने परत फिरवायची. एक सुरकुती पडली तरी तेवढा भाग गेला. ती पेचकसाच्या टोकाने रीळ ढकलत राहिली, एकेक दात. माझा हात भरून आला. तिला मात्र घामसुद्धा नव्हता. शेवटी फितीच्या टोकाची पिन डबीतल्या खाचेत बसली आणि टेप अलगद बाहेर आली.

कपाटातल्या बंद पडलेल्या यंत्राचं चाक काढून तिने इथे बसवलं. सफाईची टेप फिरवली. मग एक रिकामी टेप घालून पाहिली, कारण पुन्हा गिळलीच तर ती गेली तरी चालली असती. तीनदा घातली, तीनदा काढली, आणि मगच खरी टेप आत गेली.

स्कॅन उघडला. डाग तिथेच होता, तेवढाच. डॉक्टरांनी स्वतः खाली येऊन दोन्ही चित्रं शेजारी लावली आणि म्हणाले, "घरी न्या आजोबांना." सुनेने टेपताईचे दोन्ही हात घट्ट धरले. मग ती जिना चढून पळाली.

पुढच्या बैठकीत साहेबांनी टेपताईला उभं केलं. "या आहेत म्हणून आपण आहोत!" टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आत तिने विचारलं, "मग माझ्या बदलीचं?"

"अहो, आता तर मुळीच नाही!" साहेब म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसलो. तिचा चेहरा पाहिला तेव्हा थांबलो.

महिनाभरात तळघरात एक खोकं आलं. कुठल्याशा बंद पडलेल्या इस्पितळातून साहेबांनी तसलीच दोन यंत्रं मिळवली होती, सुट्या भागांसाठी. त्यांना वाटलं, ती खूश होईल. तिने दोन्ही उघडली, आतून पुसली, चालवून पाहिली.

"कशी आहेत?" मी विचारलं.

"उत्तम," ती म्हणाली. "माझ्या निवृत्तीपर्यंत पुरतील."

मध्यंतरी ती रजा घेऊन बंदरावर गेली. पोचते न पोचते तोच इथून फोन. पिवळा दिवा. नवरा परतीच्या गाडीची वेळ बघायला लागला. लेकीने आईची पिशवी पुढ्यात ओढली आणि कपड्यांच्या नीट घड्या घालून भरून दिली. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

"रडली असती तर बरं वाटलं असतं," टेपताई म्हणाली, आणि अर्धा डबा तसाच झाकून खाली गेली.