कवडूच्या हाताचा हिसका

आर्वी डेपोत कवडू नगराळे या ड्रायव्हरची ओळख त्याच्या गाडीवरून नव्हती, हातावरून होती. मी रूपराव, त्याचा कंडक्टर. निम्मी नोकरी आम्ही दोघांनी एकाच गाडीवर काढली. मी तिकिटं फाडायचो आणि तो माणसं फाडायचा, असं डेपोत म्हणत, आणि त्यात फार काही खोटं नव्हतं.

एकदा कारंज्याजवळ एका ट्रकवाल्यानं आम्हाला साइड दिली नाही. ट्रक पुढे धाब्यावर थांबला. कवडूनं भरली एसटी त्याच्यासमोर आडवी लावली, सीटखालची टामी काढली, म्हणजे चाकाचे नट खोलायची लोखंडी दांडी, आणि खाली उतरला. आधी ट्रकचे दोन्ही दिवे फोडले, मग ट्रकवाल्याचं खांद्याचं हाड. गाडीत बायाबापड्या किंचाळत होत्या आणि मी मागून त्याची कंबर धरून लोंबकळत होतो. निलंबन झालं. ते तर त्याला सुट्टीसारखं वाटायचं. परत येऊन म्हणाला, हात आपोआप चालतो, मी काय करू. मला त्याचा मनापासून राग यायचा आणि तो माझा जिवाभावाचा दोस्त होता. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

पण बाहेरची मारामारी वेगळी आणि घरातली वेगळी. त्याची एकुलती एक मुलगी भावना कारंज्याला कृषी सहायक आहे. नवरा अश्विन, शाळेत मास्तर, काडीसारखा माणूस. भीमजयंतीला सगळे आर्वीला जेवायला होते. कवडू वरणात मीठ कमी म्हणून बायकोवर, भागीरथावहिनींवर ओरडला आणि जावई हळूच म्हणाला की बाबा, जेवताना तरी आईवर ओरडू नका. त्याचं वाक्य पुरतं झालंही नसेल. कवडूचा ठोसा ताटावरून गेला तो सरळ त्याच्या जबड्यावर. जबडा मोडला, एक दात वरणात पडला. अश्विनच्या मांडीवर त्याची पोरगी काजल होती, बालवाडीतली. तिच्या निळ्या फ्रॉकवर बापाचं रक्त सांडलं. ती रडली नाही. मांडीवरून उतरली, दिवाणाखाली शिरली आणि भिंतीला चिकटून तिथेच मुतली. तिला काढायला दिवाण हलवावा लागला.

भावना त्याच संध्याकाळी गेली. पोलिसांत गेली नाही, पण बापाशी बोलणं तोडलं. काजल तर घरात कुणी आबाजींचं, म्हणजे या आजोबांचं, नाव काढलं तरी पलंगाखाली शिरायची. हे कळल्यावर कवडू आपल्या उजव्या हाताकडे असा बघायचा, की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे आणि याच्या खांद्याला चुकून लावला आहे.

तो निवृत्त झाल्यावर वहिनींनी एक दिवस फोनवर भावनाला विचारलं, पोरीला कधी दाखवतेस. भावनाचं उत्तर त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. "मा, बाबाच्या हाताले हिसका आहे. मधमाशीले हिसका चालत नाई. त्याइले पेटी ठेवायले सांग. वर्षभर टिकली त मी काजलले घेऊन येतो."

मला हसू आलं होतं. मधमाशीपालन हे पेन्शनवाल्यांचं हौशीचं काम, गुलाबाच्या कुंड्यांसारखं. कवडूला ते सांगणं म्हणजे रेड्याला रांगोळी काढायला बसवणं. पण कवडू वर्ध्याला जाऊन शिकून आला आणि घरामागच्या सांदवाडीत, लिंबाच्या झाडाखाली, त्यानं सातेरीची पेटी मांडली. सातेरी म्हणजे झाडाच्या ढोलीत राहणारी लहानशी, गरीब माशी. आग्या वेगळी. ती मोठी, उंच जागी उघडं पोळं लावते आणि चिडली की जीव घेते. हा फरक ध्यानात ठेवा, कारण आमच्या गल्लीनं तो ठेवला नाही.

पहिली पेटी त्यानं दसऱ्याआधीच घालवली. चौकट उचलताना एक माशी मनगटाला चावली, त्यानं हात झटकला, चौकट पडली, दहा-वीस माशा चिरडल्या, मग बाकीच्या सगळ्या त्याच्या तोंडावर बसल्या. चिडून यानं पेटीला लाथ घातली. डोळे मिटेपर्यंत तोंड सुजलं आणि दोन दिवसांत माशा पेटी सोडून निघून गेल्या. भावनानं आईला फोनवर एवढंच सांगितलं, आता वर्ष पुन्हा पहिल्यापासून.

दसरा झाल्यावर दुसरी पेटी आली. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी चहाला जायचो आणि एक बदलत चाललेला माणूस बघायचो. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. तोंडाला जाळी. गोणपाटाचा थोडा धूर. मग झाकण असं उचलायचा, जणू खाली झोपलेलं बाळ जागं होईल. माशी चावली तरी हात हलवायचा नाही, नखानं काटा काढायचा आणि कामाला लागायचा. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला तरी पुसायचा नाही. गांधीलमाश्या पेटीवर आल्या की मात्र डास मारायची बॅट घेऊन तुटून पडायचा, चटचट आवाज व्हायचा आणि त्याच्या तोंडावर जुना आनंद दिसायचा. तेवढी सूट त्यानं स्वतःला ठेवली होती. पावसाळ्यात साखरेचं पाणी पाजून त्यानं माशा जगवल्या. जुनी टामी सांदवाडीच्या कोपऱ्यात गंजत उभी होती.

भिंतीपलीकडे बबनरावांचा गोठा. शेतकरी माणूस, बैलांवर जीव. कवडूच्या माशा त्यांच्या हौदावर पाणी प्यायला जायच्या, त्यावरून रोज कुरबुर. त्यांचा मुलगा धनंजय तर भिंतीवरून शिव्या द्यायचा. एरवी कवडूनं त्याला भिंतीवरूनच ओढून घेतलं असतं. आता तो घरात जाऊन बसायचा आणि वहिनी त्याला पाणी द्यायच्या. दसरा, म्हणजे पेटीचं वर्ष पुरं व्हायचा दिवस, महिन्यावर आला होता.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे रोगराई हाकलतात. दारावर लावलेल्या पळसाच्या फांद्या काढायच्या, मारबतीचं बुजगावणं उचलून डबे बडवत वस्तीबाहेर न्यायचं आणि जाळायचं. ज्याला जे नकोसं असेल त्याचं नाव घेऊन ओरडायचं, की घेऊन जा गे मारबत. खोकला, ढेकूण, डास, वीजबिल, काहीही. धनंजय पुढे होता. कवडूच्या दारासमोर येऊन तो ओरडला, "कवडूच्या माशा घेऊन जा गे मारबत!" पोरं हसली. कवडूही दारात उभा राहून हसला. मला ते हसणं त्याच्या सगळ्या मारामाऱ्यांपेक्षा मोठं वाटलं.

दरवर्षी मारबत जाळतात त्या मैदानात गुडघाभर चिखल होता. म्हणून पोरांनी ती गल्लीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीखाली पेटवली. ओलं बुजगावणं पेटेना, तेव्हा त्यावर एक टायर टाकला आणि पेट्रोल ओतलं. टाकीच्या पोटाला आग्यामोहोळाची तीन पोळी लटकली होती. गल्लीतल्या प्रत्येकानं ती पाहिली होती, पण त्या क्षणी कुणाच्या डोक्यात आली नाहीत. काळा धूर सरळ वर गेला.

मी कवडूच्या ओट्यावर होतो. आधी आवाज आला, मग उजेड कमी झाला. डबे फेकून पोरं धावत सुटली. एक पोरगा डोक्यावर बादली घालून भिंतीवर आदळला. एक बाई पदरानं तोंड झाकून नालीत बसली आणि तिचे उघडे हात माशांनी काळे होत गेले. बबनराव गोठ्याकडे धावले, कारण दोन्ही बैल खुंट्याला बांधलेले होते. एकाचं दावं त्यांनी तोडलं. दुसरा, पाखऱ्या, कालच रंगवलेल्या शिंगांनी खुंटा उपटत होता. बबनराव वाटेतच कोसळले आणि त्यांच्या तोंडावर, कानात, नाकात माशाच माशा.

कवडूनं जाळी चढवली, दिवाणावरची सतरंजी ओढली आणि गेला. धावला नाही. चालत गेला. बबनरावांना सतरंजीत गुंडाळून त्यानं खांद्यावर टाकलं आणि घरात आमच्यापुढे आणून ठेवलं. त्याच्या हाताच्या मागच्या बाजूला कातडी दिसत नव्हती, एवढे काटे. दार लावून आम्ही आत बसलो. बाहेर पाखऱ्या हंबरत होता. हंबरणं घरघरीत बदललं आणि मग थांबलं. बबनराव माझ्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले.

माशा ओसरल्यावर रुग्णवाहिका आली आणि बबनरावांना घेऊन गेली. ती जाते न जाते, तोच धनंजय आला. एक डोळा बंद, ओठ सुजलेले, एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्यात उरलेल्या पेट्रोलची बाटली. मागे दहा-पंधरा माणसं. पाखऱ्या मेला होता आणि धनंजयला कुणाला तरी मारायचं होतं. मी ओरडून सांगितलं, त्या माशा टाकीवरच्या होत्या, ह्या नव्हेत. गर्दीनं ऐकलं नाही. मधमाशी म्हटली की ती कवडूची, हे वर्षभर गल्लीत पक्कं झालं होतं.

ते सांदवाडीत घुसले. कवडू पेटीसमोर उभा राहिला. धनंजयनं कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या तोंडावर हाणला. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. दुसरा घाव बरगडीवर बसला, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. कवडूचे दोन्ही हात खाली होते. मला मात्र ते सहन झालं नाही. कोपऱ्यातली टामी मी उचलली. देवाशपथ, मी धनंजयचं डोकं फोडलं असतं.

"रूपराव, ठेव ते," कवडू म्हणाला. मग धनंजयला म्हणाला, "मले मार. पेटी सोड. महिनाभर राह्यला, बाबू."

महिनाभर कशाला राहिला, हे त्या पोराला काय कळणार. त्यानं कवडूला ढकललं, कुऱ्हाडीनं पेटीचं झाकण उभं चिरलं, पेट्रोल ओतलं आणि काडी टाकली. सातेरी एकदम उठल्या, पण पंख जळाल्यावर किती उडणार. पावसासारख्या खाली पडत होत्या. मेण वितळून पेटीतून जळत वाहू लागलं.

तेव्हा कवडूचे हात उठले. आम्ही सगळे मागे सरकलो, धनंजयसुद्धा, कारण ते हात उठले की काय होतं हे आर्वीत सगळ्यांना माहीत होतं. ते हात कोपरापर्यंत आगीत गेले. त्यानं चौकटी धरल्या आणि एकेक बाहेर काढल्या, हळू, हिसका न देता, वर्षभर काढल्या तशाच. मेण त्याच्या बोटांवर जळत होतं. चौथी चौकट काढताना तो गुडघ्यावर आला. राणी सापडली नाही. काही मूठभर माशा लिंबाच्या फांदीला लटकल्या आणि दुसऱ्या दिवशी त्याही गेल्या.

पाखऱ्याच्या अंगावरच्या मेलेल्या माशा कुणीतरी झाडूनं गोळा केल्या. सगळ्या बोटाच्या पेराएवढ्या, आग्या. धनंजय दवाखान्यात येऊन कवडूच्या खाटेशी उभा राहिला. मी त्याला घालवून दिलं. मला त्याला माफ करायचं नव्हतं आणि अजून नाही.

पेटी जळाली म्हणजे शर्त मोडली, भावनाला कळवू नका, असं कवडूनं बजावलं होतं. वहिनींनी अर्थातच कळवलं. कवडू घरी आला तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत, आणि त्याच आठवड्यात भावना आली. काजल तिच्या पाठीमागे लपलेली. उंबरठ्यावर थांबून पोरगी बराच वेळ त्या पट्ट्यांकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "आबाजी, आता तुमाले मारता येत नाई न?"

कवडूनं वर पाहिलं. वर्षभर त्यानं जे केलं, त्यातलं या पोरीनं काहीच पाहिलं नव्हतं. तिला फक्त पट्ट्या दिसत होत्या.

"नाई बाई," तो म्हणाला. "येत नाई."

तेव्हा ती आत आली. त्याच्या शेजारी बसली आणि वाटीतला भात चमच्यानं त्याला भरवू लागली. जाताना भावना बापाशी पहिल्यांदा बोलली, की दसऱ्याला पुन्हा येतो.

दसऱ्याच्या सकाळी मी गेलो तेव्हा कवडू खाटेवर बसला होता. डॉक्टरांनी पट्ट्या केव्हाच काढल्या होत्या. हातांवर नवी गुलाबी कातडी आली होती, बोटं सगळी मिटत होती. त्यानं मूठ करून मला दाखवली आणि लगेच उघडली. मग उशाखालून नव्या पट्ट्या काढून माझ्यासमोर धरल्या.

"कारंज्याची गाडी येऊन राह्यली," तो म्हणाला. "बांध लवकर."

मी खाली बसलो आणि बऱ्या झालेल्या त्या हातांना कोपरापर्यंत पट्ट्या बांधल्या. बांधून होईपर्यंत त्यानं ते जरासुद्धा हलवले नाहीत.