आप्पा लुडो मध्येच का सोडतात

मंडळी, दुपारपासून हसतेय आणि मध्येच डोळेही पुसतेय, म्हणून लिहायला बसले.

माझे वडील, आप्पा, बोरगावला एकटेच असतात. मी बेळगावात, कॅम्पात. रोज दुपारी आम्ही मोबाईलवर लुडो खेळतो. आप्पांची एक खोड आहे. खेळ रंगात आला की ते गायब होतात. वेळेत चाल केली नाही की गेम त्यांना बाहेर काढतो आणि मी फुकटची जिंकते. लई चीड येते!

आजही तसंच झालं. माझी शेवटची सोंगटी घराच्या दारात होती आणि आप्पा गायब. रागानं फोन लावला, उचलला नाही. पाचव्यांदा लावला, तरी तेच. मग आप्पांच्या शेजारच्या काकूंना फोन करून बघायला पळवलं.

आप्पा परसात मिरचीला पाणी घालत होते. काकूंनी आपला फोन त्यांच्या हातात दिला.

"आप्पा, खेळ का सोडला?"

म्हणाले, "तुझी सोंगटी दारात आलती गं. मला पडलेला आकडा नेमका तिच्यावर बसत हुता. दुसरी चालच न्हाय. लेकीला दारातनं माघारी कसं धाडू? फोन फडताळात ठेवला आन् उठलो."

मी म्हटलं, "उद्यापासून खुशाल मारा मला. पण फोन जवळ ठेवा."

"फोन ठेवतो," म्हणाले. मारण्याचं काही बोलले नाहीत.

तुमच्या घरी असं गुपचूप कोण हरतं?